उजवीकडची जागा

आमच्या ट्रकचं स्टिअरिंग डाव्या बाजूला होतं. बाकी तक्रारी पुष्कळ होत्या. सकाळी सुरू व्हायला तो कुरकुर करायचा, उभा राहील तिथे तेलाचे डाग पाडायचा, आणि पारनाक्याशी वळला की आमच्या स्वयंपाकघरातल्या फळीवरच्या वाट्या वाजायला लागायच्या. ते सगळं मी चालवून घेतलं असतं. पण त्या डावीकडच्या स्टिअरिंगनं माझा जीव कायमचा टांगणीला लावला. मी मुळातच काळजीखोर. माझं माहेर ठाण्याला, टेंभी नाक्यावर. तिथे दाराशी सायकल थांबली तरी मी "काय झालं?" म्हणत धावायची आणि घरातले सगळे मला हसायचे. लग्न होऊन कल्याणला आले, आणि काळजी करायला मला अख्खा ट्रक मिळाला.

लढाई चालू होती तेव्हा माझे यजमान कल्याणच्या लष्करी छावणीत कारकून होते. लढाई संपली, छावणी हळूहळू उठली, तिच्याबरोबर यांची नोकरीही उठली. विठ्ठलवाडीच्या बाजूला माळावर लष्कराचे जुने ट्रक रांगेनं उभे करून ठेवले होते आणि त्यांचे लिलाव चालायचे. त्या सगळ्या मालाला लोक 'डिस्पोजल' म्हणत. डिस्पोजलचं घोंगडं, डिस्पोजलचे बूट, डिस्पोजलची बादली. कल्याणातल्या बऱ्याच घरांत काही ना काही येऊन पडलं होतं. आमच्याकडे ट्रक आला. पैसे कुठून उभे केले ती रामकहाणी मी इथे सांगत बसत नाही.

"या ट्रकची चारी चाकं जोर लावतात," यांनी जेवताना सांगितलं. "बाकीच्यांची नुसती मागची. हा चिखलातून, ओढ्यातून, नांगरलेल्या शेतातून कुठूनही जातो."

"आपल्याला कुठे जायचंय नांगरलेल्या शेतातून?" मी विचारलं.

"त्याला बोलू दे ग," सासूबाई म्हणाल्या आणि यांना अजून भात वाढला. आमच्या घरात आम्ही तिघं आणि पाळण्यातली मुलगी, एवढीच माणसं. सासऱ्यांना जाऊन बरीच वर्षं झाली होती. सासूबाईंची बाकीची मुलं लहानपणीच गेलेली, हे एकटे हाती लागलेले. त्यामुळे हे काय म्हणतील ती त्या घरात पूर्वदिशा.

लिलावाचा नियम असा की ट्रक डोळ्यांनी बघायचा, हातानं चाचपायचा, पण इंजिन सुरू करून बघायचं नाही. लोक यायचे, टायरवर लाथ मारायचे, दार उघडून लावून बघायचे आणि उगाच मान हलवायचे. यांनी डोकं चालवलं. प्रत्येक ट्रकखाली वाकून यांनी गवत बघितलं. इतके दिवस उभ्या असलेल्या ट्रकांमधून तेल गळून खालचं गवत काळं पडलं होतं. एकाच ट्रकखाली ते हिरवंगार होतं. यांनी तोच घेतला. घरी येऊन ती हुशारी आम्हाला दोनदोनदा ऐकवली, आणि खरं सांगते, मलाही कौतुक वाटलं. मग मिस्त्री आला. त्यानं इंजिनाखालचा नट सोडला, बोट आत घातलं आणि कोरडं बोट यांच्यापुढे धरलं.

"साहेब, गळायला आत काही असायला नको का?"

तेल कुणीतरी आधीच काढून नेलं होतं. नवीन तेल घातल्यावर आमचा ट्रक बाकीच्यांहून जास्त गळायला लागला. दोन दिवस हे कुणाशी धड बोलले नाहीत.

तरी सासूबाईंनी बॉनेटला हळदकुंकू लावलं, ओवाळलं, नारळ वाढवला, आणि आम्ही ट्रकवाले झालो. काम मिळालं ते गवताचं. टिटवाळ्याच्या पलीकडे गवताची मोठमोठी कुरणं होती. तिथलं कापलेलं गवत गाठी बांधून ठाण्याच्या वखारीत पोचवायचं, तिथून ते म्हशींच्या तबेल्यांना जायचं. कुरणापर्यंत रस्ता नव्हता. मधे ओढे, बांध, चिखलाच्या खाचा. साधे ट्रक अलीकडेच उभे राहायचे आणि बैलगाड्यांची वाट बघायचे. आमचा ट्रक थेट गंजीपाशी जायचा. नांगरलेल्या शेतातून जायचं होतं ते असं.

पुढच्या चाकांना जोर द्यायचा म्हणजे दोन बैठकांच्या मधला एक लोखंडी दांडा पुढे ढकलायचा. चिखल संपला की परत मागे घ्यायचा. हे मागे घेतच नसत. "चार चाकांचे पैसे मोजलेत, मग दोन कशाला बसवून ठेवायची?" असा यांचा हिशेब. डांबरी रस्त्यावरही चारी चाकं कामाला. त्यात यांना काटकसर दिसत होती. ट्रक वळायला जड झाला तर म्हणायचे, लष्करी आहे, जडच असणार. टायर भराभर झिजले तर म्हणायचे, रस्ते वाईट आहेत. शेवटी एकदा ठाण्याच्या एका गल्लीत तो दांडा असा अडकला की पुढेही जाईना आणि मागेही येईना. मिस्त्रीनं येऊन सांगितलं, कोरड्या रस्त्यावर वळताना पुढची आणि मागची चाकं एकमेकांशी भांडतात आणि मधल्या दातांत अडकून बसतात. उलटं चालवा, सुटेल. अख्खी गल्ली हे उलटे गेले, लोक खिडक्यांतून बघत होते. दांडा सुटला आणि पक्क्या रस्त्यावर तो मागे ठेवायला हे शिकले, पण हिसके मारमारून यांनी तो वाकवून ठेवला होता. तेव्हापासून तो एकट्याला ढकलता येईना. यांनी क्लच दाबून ढकलायचं आणि शेजारच्यानं त्याच वेळी बाजूनं टाच मारायची, तेव्हा कुठे तो बसायचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं. डाव्या स्टिअरिंगचं गेलं नाही.

आपल्याकडे गाड्या रस्त्याच्या डाव्या अंगानं चालतात. पुढे बैलगाडी असली आणि तिला मागे टाकायची असली तर उजवीकडून जायचं. उजवीकडे बसलेल्या माणसाला समोरचा रस्ता दिसतो. डावीकडे बसलेल्याला पुढच्या गाडीचा पेंढा दिसतो, बाकी काही नाही. समोरून बस येते आहे का ट्रक, हे कळायच्या आत अर्धा ट्रक उजवीकडे काढावा लागतो. मुंब्र्याला तर एका हाताला डोंगर, एका हाताला खाडी आणि मधे वळणावळणाचा अरुंद रस्ता. म्हणून उजवीकडच्या जागेवर एक माणूस बसवायचा. यांनी विचारायचं, त्यानं बघून 'जा' किंवा 'थांब' सांगायचं. त्या एका शब्दावर गाडी जायची.

आधी एक हमाल बसायचा. गाठी चढवून दमलेला माणूस, गार वारा लागला की पेंगायचा. एकदा यांनी विचारलं आणि त्यानं झोपेतच हुंकार दिला. हे निघाले. समोरून बस. बसवाल्यानं बस कडेला घातली म्हणून निभावलं. आमचा दिवा फुटला आणि बसचा पत्रा खरचटला, एवढ्यावर गेलं. हे घरी आले तेव्हा चेहरा पांढराफटक. पाणी मागितलं आणि पेला हातात धरूनच बसले. मी म्हटलं, विकून टाका तो ट्रक, मी मोलमजुरी करीन. मोलमजुरी म्हणजे काय ते मला माहीतही नव्हतं.

सासूबाई माजघराच्या दारात उभ्या होत्या. त्या म्हणाल्या, "उद्यापासून मी बसणार."

आम्हाला वाटलं, बोलल्या. पण सकाळी त्या नऊवारी चापूनचोपून नेसून, डोक्यावरून पदर घेऊन, बाहेरचं पाणी चालत नाही म्हणून झाकणाचा तांब्या घेऊन ट्रकपाशी हजर. लेकाचा हात धरून वर चढल्या आणि उजवीकडे बसल्या. गल्लीतल्या बायका दारात येऊन बघत होत्या. मला तेव्हा कसं हायसं वाटलं ते काय सांगू. आई लेकाकडे बघणार, याहून आणखी काय हवं?

थोड्या दिवसांत त्या रुळल्या. कुरणावरची माणसं त्यांना ट्रकवाल्या आजी म्हणायला लागली. कुणाच्या सुनेला दिवस गेलेत, कुणाचा बैल लंगडतो, सगळं त्या घरी येऊन सांगायच्या. वाकड्या दांड्याला टाच मारायलाही शिकल्या. हे "हं" म्हणाले की त्यांची टाच बसायची, आणि हे म्हणायचे, हमालापेक्षा आई बरी. इतकी वर्षं चुलीपुढे काढलेली ती बाई संध्याकाळी केसांत गवताच्या काड्या घेऊन यायची आणि पोटभर जेवायची. मला वाटलं, देवानं माझ्याकडे बघितलं.

मग एक दिवस भातात खडा आला. तांदूळ सासूबाईंनी निवडले होते. त्यांच्या हातच्या तांदळात खडा म्हणजे आश्चर्यच. मी काही बोलले नाही. पुढे परत आला. मग एका संध्याकाळी देवापुढे दिवा लावताना त्यांची काडी वातीच्या बाजूला, हवेतच थांबली. काडी विझली, दुसरी ओढली, तीही तशीच. त्यांनी डाव्या हाताच्या बोटानं वात चाचपली आणि मग लावली. मी मुलीला घेऊन मागे उभी होते.

त्यानंतर मी त्यांच्यावर डोळा ठेवायला लागले. सुईत दोरा त्या माझ्याकडूनच ओवून घ्यायच्या, पण ते सगळ्याच म्हाताऱ्या करतात. जिन्याची शेवटची पायरी पायानं आधी शोधायच्या. मी मुद्दाम खिडकीतून विचारलं, "गल्लीतून कोण येतंय हो?" तर म्हणाल्या, "येईल तो बोलेलच की." दसऱ्याला ट्रकची पूजा केली तेव्हा कुंकवाचं बोट बॉनेटवर टेकायचं ते दिव्याच्या काचेवर टेकलं. हे हसले, म्हणाले, आई, त्यालाही नजर लागू नये म्हणून का? त्याही हसल्या. मी आत जाऊन पाटावर बसले.

ज्या बाईला दिव्याची काच आणि बॉनेट वेगळं दिसत नाही, ती माझ्या नवऱ्याला मुंब्र्याच्या वळणावर 'जा' म्हणत होती.

सांगायचं कुणाला? सासूबाईंना सांगणं शक्यच नव्हतं. त्या घरात येऊन मला किती दिवस झाले होते, की मी सासूला तुम्ही आंधळ्या आहात म्हणणार? यांना मी आडून सांगून बघितलं. म्हटलं, आईंना दिसतं ना नीट? हे म्हणाले, "आईची नजर घारीची आहे. तुझं आपलं काहीतरीच." मी पुढे बोलले असते तर त्याचा अर्थ एकच निघाला असता, की सून सासूला जागेवरून उठवायला बघते आहे. आणि उठवून तरी तिथे बसवणार कोणाला? म्हणून मी गप्प बसले आणि आतल्या आत उकळत राहिले. यांच्यावर चिडायची, सासूबाईंवर चिडायची, त्या लष्करावर चिडायची. रोज संध्याकाळी फळीवरच्या वाट्यांकडे बघत बसायची. वाट्या वाजल्या की जिवात जीव यायचा आणि मग पोळ्या लाटायला घ्यायची. वाजायला उशीर झाला की मला बस दिसायची, खाडी दिसायची, गवत पाण्यावर तरंगताना दिसायचं. आणि उशीर तर रोजच व्हायचा. वखारवाला कटकट करायचा, बाकीचे ट्रक गाठी टाकून परत निघतात तेव्हा तुमचा येतो म्हणून. मला त्याचं काही वाटत नव्हतं. येतो ना, एवढं पुरे होतं.

शेवटी मला राहवेना. माहेरी भावाच्या मुलाचं बारसं होतं. मी म्हटलं, आगगाडीनं कशाला, ट्रक ठाण्याला जातोच आहे, मी त्यातूनच येते. सासूबाई म्हणाल्या, ये की, मधे बस. मुलीला मांडीवर घेऊन मी दोघांच्या मधे बसले. मागे गाठींचा डोंगर, दोर करकरत होते. माझा बेत असा की वाटेत सासूबाई काही चुकीचं बोलल्याच तर मी ओरडायचं, मग काय व्हायचं ते होऊ दे. मुलीला मी इतकी घट्ट धरली होती की ती रडायला लागली.

मुंब्र्यापाशी पुढे बैलगाड्यांची रांग लागली. यांनी वेग कमी केला आणि विचारलं, "आई?"

मी मान वाकडी करून बघितलं. मधे बसूनही मला बराच रस्ता दिसत होता. लांबवर कुणी नव्हतं.

"थांब," सासूबाई म्हणाल्या.

हे थांबले. म्हणजे गाड्यांच्या मागे मागे चालत राहिले. थोड्या वेळानं परत, "आई?"

"थांब."

रस्ता रिकामा होता. त्या सरळ समोर बघत होत्या, चेहरा अगदी शांत, बोटं पदराच्या टोकाशी चाळा करत होती. तिसऱ्यांदाही "थांब". एखाद्या गोष्टीत असतं तर तेवढ्यात वळणावरून बस आली असती. तसं काही आलं नाही. सगळा वेळ तो रस्ता मोकळाच होता, आणि आमचा चार चाकांचा ट्रक बैलांच्या चालीनं चालला होता. शेवटी रांगेतल्या सगळ्यात मागच्या गाडीवानानं वळून बघितलं, आमचा ट्रक ओळखला, आपणहून गाडी पार कडेला घेतली आणि चाबूक हलवून आम्हाला पुढे बोलावलं. पुढच्यानंही तेच केलं. हे सावकाश पुढे गेले. सासूबाईंनी गाडीवानांना हात केला. मग मला कळलं की रोज उशीर का होतो. त्या 'जा' कधी म्हणतच नव्हत्या.

मला हसावं की रडावं कळेना. मी मुलीच्या पाठीवरचा हात सैल केला आणि ती झोपली.

पण ट्रक आहे तिथे स्वस्थता कुठली. कळव्याच्या अलीकडे रस्ता खाजणातून, म्हणजे खाडीच्या दलदलीतून, मातीच्या भरावावरून जायचा. समोरून बस आली. तिला जागा द्यायला यांनी ट्रक डावीकडे घेतला, आणि कडेची माती खचली. डावी चाकं खाली गेली. ट्रक कलला. मी यांच्या अंगावर, मुलगी माझ्या अंगावर, आणि मागच्या गाठींचा दोर असा कण्हला की मला वाटलं, संपलं. खाली खाजणाचा काळा चिखल दिसत होता. बस निघून गेली.

"कुणी हलू नका," हे म्हणाले. आवाज कोरडा होता. यांनी क्लच दाबला, दांडा धरला. दांडा हलेना. तो माझ्या गुडघ्याला लागून होता, पण माझे पाय लाकडासारखे झाले होते. तेवढ्यात सासूबाईंनी वरच्या बाजूनं माझ्या मांडीवर हात रोवला, माझ्या पायांवरून आपला पाय टाकला, अंगठ्यानं दांडा चाचपला आणि बरोबर जागी टाच मारली. खटकन आवाज झाला. चारी चाकांनी जोर घेतला. ट्रक थरथरला, घसरला, परत थरथरला, आणि इंच इंच करत रस्त्यावर आला. असं वर यायला तो ट्रक घेतला होता हे मला त्या दिवशी पहिल्यांदा पटलं.

हे खाली उतरून दोर आणि चाकं बघायला गेले. गाडीत आम्ही दोघीच. माझ्या तोंडून गेलं, "तुम्हाला दिसत नाही."

त्यांनी तांब्याचं झाकण काढलं, मला पाणी दिलं. "नाही," म्हणाल्या. "उजेड कळतो. मोठं काही असलं तर कळतं."

"मग इथे कशाला बसता?"

"म्हणून तर थांब म्हणते. मला दिसत नाही, मग मी जा कशी म्हणू?" मग तांब्या परत घेऊन म्हणाल्या, "हा कुणाचं ऐकत नाही. तुझं नाही, मिस्त्रीचं नाही. माझं एवढं एक ऐकतो. घरी बसून वाट बघायची आणि इथे बसून थांब म्हणायचं, यातलं मला हे बरं वाटतं. घरी बसणं काय असतं ते तुला ठाऊक आहे."

मला ठाऊक होतं. मी विचारलं, "यांना माहीत आहे?"

"मी विचारलेलं नाही. तूही विचारू नकोस."

हे परत येऊन बसले आणि म्हणाले, काही झालं नाही, निघू या. बारशाला मी पोचले तेव्हा नाव ठेवून झालं होतं.

मी यांना काही सांगितलं नाही, पण सासूबाईंशी एक करार केला. मी तोंड उघडणार नाही, त्यांनी डॉक्टरला डोळे दाखवायचे. पावसाळ्यात गवताचं काम बंद असतं, ट्रक ताडपत्रीखाली उभा असतो. त्या दिवसांत मुंबईच्या इस्पितळात त्यांच्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. तेव्हा ते दुखणं सोपं नव्हतं. डोक्याच्या दोन्ही बाजूंना वाळूच्या पिशव्या लावून, डोळ्यांना पट्टी बांधून त्यांना कितीतरी दिवस सरळ निजवून ठेवलं होतं. खोकायचं नाही, शिंकायचं नाही. मी उशाशी बसून भाताचे घास भरवायची. पट्टी सुटली आणि चष्मा आला, बाटलीच्या बुडासारख्या जाड भिंगांचा. घरी आल्यावर त्यांनी आधी तांदूळ निवडायला घेतले. मग माझ्याकडे बघून म्हणाल्या, "किती वाळलीस ग." मला रडू आलं. वाटलं, आता माझी काळजी मिटली. आता त्या जागेवर बघणारे डोळे आले.

दसरा झाला, या वेळी कुंकू बॉनेटवरच लागलं, आणि पहिली खेप निघाली. मला ते डोळे बघायचे होते म्हणून मीही गेले, मुलीला घेऊन मधे बसले. सासूबाई आधी खूप बोलत होत्या. डोंगर केवढा आहे, पाखरं किती आहेत, खाडी इतकी जवळ आहे होय? मग हळूहळू बोलणं थांबलं. मुंब्र्याला नेहमीप्रमाणे गाड्यांची रांग.

"आई?"

मी बघितलं तर त्यांनी दाराची कडी दोन्ही हातांनी धरली होती.

"आई?"

एवढ्यात समोरून एक ट्रक आला आणि आमच्या अंगावरून वारा घालत निघून गेला. सासूबाई म्हणाल्या, "गाडी बाजूला घे."

यांनी एका झाडाखाली ट्रक उभा केला. हे इंजिनात पाणी घालायला उतरले. सासूबाई माझ्याकडे वळल्या. भिंगांमागे त्यांचे डोळे फार मोठे दिसत होते.

"मी इथे बसत नाही. तू बस."

"का? आता तर दिसतंय."

"म्हणूनच. दिसत नव्हतं तेव्हा एकच काम होतं. आता दिसतं, तर सारखं वाटतं, जाईल, आत्ता जाईल, एवढ्यात होऊन जाईल. मघाशी माझ्या जिभेवर 'जा' आलं होतं ग. तो ट्रक यायच्या आधी." त्यांचा आवाज चिरकला. मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं.

"पण मला तर नुसती भीती वाटते. सदानकदा."

"ठाऊक आहे मला. भातातला खडा दाताखाली आला तरी तू बोलली नाहीस, नुसती माझ्यावर डोळा ठेवून राहिलीस, ते मला कळत होतं. म्हणून तुलाच सांगते."

आयुष्यभर ज्या स्वभावावर लोक हसले, तो कुणीतरी मागून घेतला असं पहिल्यांदाच होत होतं. मी उतरले आणि फिरून उजवीकडून चढले. सासूबाई मधे सरकल्या, मुलीला मांडीवर घेतलं आणि पायानं दांडा चाचपून पाय त्याच्याशी ठेवला. हे येऊन बसले, आम्हा दोघींकडे बघितलं, आणि काही विचारलं नाही. फक्त म्हणाले, "तू 'अहो, थांबा' म्हणेपर्यंत बस येऊन जाईल."

"मग आधीपासूनच म्हणत राहीन," मी म्हटलं.

परत गाड्या लागल्या. यांनी विचारलं, "काय ग?"

रस्ता वळणापर्यंत मोकळा होता. मी एकदा बघितलं, परत बघितलं. माझे डोळे चांगले होते, मला झाडाची पानंसुद्धा दिसत होती. वळणाच्या पलीकडचं दिसत नव्हतं.

"थांबा," मी म्हटलं. पण मी म्हणायच्या आधीच यांनी अ‍ॅक्सिलरेटरवरचा पाय उचललेला होता.

त्या दिवशी ठाण्याला पोचायला दुपार झाली. वखारवाला नेहमीसारखा बोलला, ते यांनी ऐकून घेतलं. ट्रक विकेपर्यंत ती जागा माझी होती. सासूबाई असेतो मधे बसल्या, आणि चष्मा लावून बाजूची पाखरं बघायच्या, समोर कधी बघायच्या नाहीत.

आता आम्ही दोघंही म्हातारे झालो. बाजारात जाताना रस्ता ओलांडायचा असला की हे कडेला उभे राहतात आणि माझ्याकडे बघतात. रस्ता मोकळा असला तरी.